अन्नव्यवसाय व्यवस्थापन आणि विपणन : विद्यापीठीय शिक्षणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आणि पुढे हिवाळ्यात कॅटचे, म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशपरीक्षेचे, गुण हाती आले की, या विषयाबद्दल विचारणा करणारी पत्रे येऊ लागतात. हा विषय शिकवताना गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, तेच येथे घेतले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात गुंतले असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अन्नव्यवसाय व्यवस्थापन म्हणजे नेमके काय शिकवतात? साध्या बीबीए-एमबीएपेक्षा त्यात वेगळे काय असते?

साबण गोदामात सहा महिने पडून राहिला तरी तो साबणच राहतो. तोडलेला टोमॅटो मात्र दर दिवशी वजनाने, दिसण्याने आणि भावाने उतरत जातो. अन्नाचा व्यवहार काळाशी बांधलेला असतो, आणि या शिक्षणाचे वेगळेपण त्यातच आहे. खरेदी, प्रतवारी, शीतसाखळी, प्रक्रिया, पॅकिंग, किंमत ठरवणे, वितरण आणि ग्राहकाची सवय हे सारे घटक येथे ‘माल किती दिवस टिकेल’ या एका प्रश्नाभोवती फिरतात. हिशेब, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मनुष्यबळ हे विषय इतर व्यवस्थापन अभ्यासक्रमांप्रमाणेच असतात. परंतु त्यांच्या जोडीला पीकपद्धती, काढणीनंतरचे तंत्र, अन्नसुरक्षेचा कायदा, बाजार समितीची रचना आणि सहकार हेही शिकावे लागते. कांद्याचे भाव हंगामात कोसळतात आणि पावसाळ्यानंतर चढतात, ते का, हे ज्याला साठवणुकीच्या खर्चासह मांडता येते, त्याला या विषयाचा गाभा कळला असे मी समजतो.

२. फूड टेक्नॉलॉजी आणि हा विषय एकच आहे का?

नाही. फूड टेक्नॉलॉजीमध्ये पदार्थ कसा बनवावा, कसा टिकवावा आणि त्याची चाचणी कशी करावी हे शिकवतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय त्यासाठी महाराष्ट्रात जुने आणि नावाजलेले आहे. व्यवस्थापनात तोच पदार्थ कोणासाठी, किती, कोणत्या किमतीला आणि कोणत्या वाटेने विकावा हे शिकवतात. दोन्ही शाखांचे लोक कारखान्यात एकाच टेबलाशी बसतात, त्यामुळे एकमेकांची भाषा कळणे गरजेचे असते. नोकरीच्या पात्रतेत मात्र या दोन पदव्यांत मोठा फरक पडतो. त्यासाठी प्रश्न १३ अवश्य वाचावा.

३. बारावीनंतर महाराष्ट्रात हा विषय कोठे शिकता येतो?

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीतील महाविद्यालयांमध्ये कृषी व्यवसाय व्यवस्थापनाची चार वर्षांची बीएस्सी पदवी आहे. कोणत्या महाविद्यालयात किती जागा आहेत, हे दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. प्रवेश राज्य सीईटी कक्षामार्फत, एमएचटी-सीईटीच्या गुणांवर होतो आणि बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण असावे लागते. शेवटच्या वर्षात ग्रामीण कार्यानुभव असतो, म्हणजे विद्यार्थ्याला खेड्यात राहून शेतकऱ्यांबरोबर प्रत्यक्ष काम करावे लागते. अनेकांना तो काळ गैरसोयीचा वाटतो. पुढे मुलाखतीत बोलण्याजोगे काही असते ते बहुधा त्याच महिन्यांतले.

४. मी वाणिज्य शाखेतून बारावी केली आहे. माझ्यासाठी दार बंद आहे का?

कृषी विद्यापीठातील पदवीपुरते होय, कारण तेथे विज्ञान शाखा आवश्यक आहे. तथापि बीकॉम किंवा बीबीए करून पदव्युत्तर स्तरावर या विषयाकडे वळता येते, आणि हिशेबाचा पाया पक्का असलेले वाणिज्य पदवीधर खर्चाच्या तासाला बरेचदा इतरांच्या पुढे असतात. अडचण येते ती पदव्युत्तर प्रवेशाच्या अटींमध्ये, कारण काही संस्था कृषी व संलग्न पदवीलाच मान्यता देतात. तपशील प्रश्न ६ मध्ये आहे.

५. आमच्या घरी शेती नाही, सातबारा नाही. मला जमेल का?

जमेल. सातबारा ही प्रवेशाची अट नाही. शेतकरी कुटुंबातील उमेदवारांना कृषी पदवीच्या प्रवेशात काही भारांक दिला जातो, एवढाच त्याचा संबंध आहे. शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी पिके, हंगाम आणि मापे शिकायला अधिक वेळ द्यावा लागतो. पेटी म्हणजे किती डझन, वक्कल म्हणजे काय, अडत्याने दिलेल्या पट्टीवर हमाली आणि तोलाई कोठे लिहिलेली असते, हे शब्द पुस्तकात कमी आणि बाजारात जास्त भेटतात. सुटीत जवळच्या बाजार समितीत चार पहाटे घालवल्या तर हे अंतर पुष्कळ कमी होते.

६. पदवीनंतर एमबीए किंवा त्यासारखा अभ्यासक्रम कोठे करावा?

अहमदाबादच्या आयआयएममध्ये अन्न व कृषिव्यवसाय व्यवस्थापनाचा आणि लखनौच्या आयआयएममध्ये कृषिव्यवसाय व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दोन्हींसाठी कॅट द्यावी लागते. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या केंद्र शासनाच्या संस्थेतील पदविका कृषी व संलग्न पदवीधरांसाठी आहे आणि कंपन्यांमध्ये तिची ओळख चांगली आहे. पुण्यातील वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेतही कृषिव्यवसायाची पदविका आहे. हरियाणातील कुंडली येथील निफ्टेम ही अन्नप्रक्रिया मंत्रालयाची संस्था असून तिला २०२१ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तेथे कारखाना आणि वर्ग एकाच आवारात असल्याचा फायदा मिळतो. आणंदची ‘इर्मा’ ही ग्रामीण व्यवस्थापन संस्था वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये सुरू केली. सहकारी दूध संघांना स्वतःचे व्यवस्थापक हवेत, हा त्यामागचा विचार होता. २०२५ च्या कायद्याने तिचे रूपांतर त्रिभुवन सहकारी विद्यापीठात झाले आहे. ज्यांना कंपनीपेक्षा उत्पादकांच्या संस्थेत काम करायचे आहे, त्यांनी आणंदचा विचार सर्वांत आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कृषी पदवी नसलेल्यांनी प्रत्येक संस्थेची पात्रता स्वतंत्रपणे तपासावी. काही ठिकाणी इतर शाखांना प्रवेश असतो; मात्र या क्षेत्राविषयीची ओढ निबंधातून आणि मुलाखतीतून दाखवून द्यावी लागते. ‘अन्न हा वाढता उद्योग आहे’ हे वाक्य त्या ठिकाणी कोणालाही पटत नाही. आपल्या गावातल्या एखाद्या मालाची वाट, म्हणजे तो कोठे पिकतो, कोण घेतो, कोठे सडतो, हे दहा मिनिटे सांगता येणे अधिक उपयोगी पडते.

७. गणित कितपत लागते?

अवघड गणित लागत नाही, परंतु आकड्यांचा कंटाळा असून चालत नाही. वर्गात पहिल्या महिन्यात मी एक साधे उदाहरण देतो. २०० ग्रॅम चिवड्याच्या पाकिटावर ६० रुपये किंमत छापली आहे असे समजा. त्यात ५ टक्के जीएसटी आहे. तो वजा केल्यावर सुमारे ५७ रुपये उरतात. दुकानदाराने त्यावर २० टक्के ठेवले तर पावणेसेहेचाळीस, आणि वितरकाने ८ टक्के घेतले तर उत्पादकाच्या हाती सुमारे ४२ रुपये येतात. पोहे, शेंगदाणे, डाळ, तेल, मसाला यांना २२, पाऊच व खोका यांना ४, गॅस व मजुरीला ५, वाहतुकीला ३ आणि मुदत संपून परत येणाऱ्या मालापोटी २ धरले, तर ३६ खर्च होतात. उरतात ६ रुपये, आणि कर्जाचे व्याज, कार्यालयाचे पगार व जाहिरात अजून त्यातूनच भागवायची आहे.

आता तेल किलोमागे २० रुपयांनी महागले आणि एका पाकिटात ५० ग्रॅम तेल जात असेल, तर पाकिटामागे एक रुपया वाढतो. ग्राहकाला हा रुपया दिसतही नाही, पण उत्पादकाचा सहावा हिस्सा गेलेला असतो. मग किंमत ६५ करावी, वजन १९० ग्रॅम करावे की तोटा सोसावा? पाकिटावर प्रति ग्रॅम दरही छापावा लागत असल्याने वजन गुपचूप कमी करण्याची वाट आता तितकीशी झाकलेली नाही. हे उदाहरण ज्यांना रस घेऊन पुढे न्यावेसे वाटते, त्यांनी गणिताची भीती मनातून काढून टाकावी.

८. मार्केटिंग म्हणजे जाहिरातच ना? मग त्यासाठी वेगळी पदवी कशाला?

जाहिरात हा विपणनाचा शेवटचा आणि बरेचदा सर्वांत लहान भाग असतो. एप्रिलमध्ये आम्ही विद्यार्थ्यांना वाशीच्या फळबाजारात नेतो. पहाटेच्या अंधारात ट्रक उभे असतात, पेट्या उतरत असतात आणि सर्वत्र पेंढ्याचा व आंब्याचा मिसळलेला वास असतो. जुना खरेदीदार वरचे फळ पाहतच नाही. तो पेंढ्यात हात घालून खालच्या थरातले एक फळ काढतो, देठाजवळ अंगठा दाबतो, वास घेतो आणि परत ठेवतो. त्या चार क्षणांत त्याने प्रत, पिकायला लागणारे दिवस आणि आपल्या गिऱ्हाइकाची ऐपत या तिन्हींचा मेळ घातलेला असतो. या निर्णयाला शब्द आणि आकडे देणे म्हणजे विपणनाचा अभ्यास.

पुढे प्रश्न येतो विश्वासाचा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळाले. तरीही दुसऱ्या प्रांतांतील मिळताजुळता आंबा हापूस म्हणून विकला जातो, आणि पेटीवरचे नाव वाचून ग्राहकाला काहीच ठरवता येत नाही. मानांकन ही कायद्याने दिलेली ढाल आहे. ग्राहकापर्यंत ती पोहोचवायची तर बागायतदारांची नोंदणी, पेटीवरील खूण, ती तपासण्याची सोय आणि या साऱ्याचा खर्च कोणी करायचा याचा निवाडा करावा लागतो. कोल्हापूरचा गूळ आणि गोव्याची काजूची फेणी यांच्याबाबतही हेच प्रश्न उभे राहतात.

उलट टोकाचे उदाहरण लिज्जत पापडाचे. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. मळलेले पीठ केंद्रातून घरी न्यायचे, पापड लाटून, वाळवून परत आणायचे आणि चव सर्वत्र एकच राखायची, ही त्यांची खरी विपणनबुद्धी होती. लोकांच्या ओठांवर बसलेली जाहिरात त्यानंतर आली.

९. कायद्याचा अभ्यास किती असतो?

बराच असतो, आणि तो टाळून चालत नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा असून त्याखालील परवाने व नोंदणीचे विनियम २०११ मध्ये लागू झाले. त्याच्या जोडीला वैधमापनशास्त्राचे (वजनमापांच्या कायद्याचे) आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंविषयीचे नियम, अ‍ॅगमार्क प्रतवारी आणि निर्यात करायची असल्यास आयात करणाऱ्या देशाच्या अटी येतात. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते.

घरी बसून करता येईल असा एक सराव सुचवतो. आंब्याच्या पेयाची बाटली घ्यावी आणि घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिले नाव पाणी, दुसरे साखर आणि आंब्याचा गर त्यानंतर, असे अनेकदा आढळेल. मग १४ अंकी परवाना क्रमांक, हिरवी वा तपकिरी खूण, पोषणमूल्यांचा तक्ता, ॲलर्जीविषयीची सूचना आणि मुदत शोधावी. एका आठवड्यात दहा लेबले अशी वाचली तर कायद्याचे निम्मे प्रकरण समजते.

निर्यातीत कायदा न कळण्याची किंमत किती मोठी असते, हे नाशिकच्या द्राक्षांनी २०१० मध्ये दाखवून दिले. वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि तेथे पोहोचलेला माल अडकला. त्या हंगामात आपल्याकडे निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्या यादीत हे नाव नव्हते. द्राक्ष उत्तम होते, पॅकिंग उत्तम होते आणि तरीही अनेक बागायतदार कर्जात गेले. हे प्रकरण मी दरवर्षी शिकवतो, आणि शिकवताना दरवर्षी अस्वस्थ होतो.

१०. मी मराठी माध्यमातून शिकलो आहे. इंग्रजीमुळे मागे पडेन का?

पहिले सहा महिने जड जातात, कारण पुस्तके आणि परीक्षा इंग्रजीत असतात. परंतु शेतकऱ्याशी, अडत्याशी, वितरकाच्या पोऱ्याशी बोलताना मराठीच लागते, आणि तेथे मराठी माध्यमाचा विद्यार्थी खरी माहिती काढून आणतो. इंग्रजीत अहवाल लिहिण्याचा सराव मात्र पहिल्या सत्रापासून करावा.

११. इंटर्नशिप मोठ्या कंपनीत करावी की लहान उद्योगात?

दोन संधी मिळणार असतील तर पहिली लहान उद्योगात करावी. मोठ्या कंपनीत एका खिडकीतून दिसते तेवढेच दिसते. दहा माणसांच्या कारखान्यात खरेदीपासून वसुलीपर्यंत सारे डोळ्यांसमोर घडते. आमच्या विद्यार्थिनींचा एक गट कोकणातील एका बचत गटाबरोबर कोकम सरबत पुण्यात विकण्याच्या कामावर होता. लेबल देखणे झाले, दुकानेही मिळाली. मे महिन्यात दुकानदारांचे फोन येऊ लागले की, बाटल्यांची बुचे फुगली आहेत. साखरेचे प्रमाण एका घाण्यात कमी पडले होते, उन्हात सरबत आंबले होते आणि कोणत्या बाटल्या कोणत्या घाण्यातल्या हे सांगणारा बॅच क्रमांक लेबलवर स्पष्ट उमटलाच नव्हता. त्यामुळे चांगल्या बाटल्याही परत घ्याव्या लागल्या. त्या मुलींनी पुढच्या खेपेला प्रत्येक घाण्याची नोंदवही ठेवली, साखर मोजण्याचे साधे उपकरण घेतले आणि क्रमांक हाताने लिहिला. मालाचा माग ठेवणे म्हणजे काय, हे त्यांना पुन्हा शिकवावे लागले नाही.

दुसरी इंटर्नशिप शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे शेतकरीच जिचे भागधारक असतात अशा कंपनीत, मिळाल्यास उत्तम. नाशिकजवळ मोहाडी येथील सह्याद्री फार्म्ससारख्या संस्थेत द्राक्षापासून टोमॅटो प्रक्रियेपर्यंतची साखळी एका छताखाली पाहता येते.

१२. शुल्क किती असते? मुलींना सवलत आहे का?

शासकीय कृषी महाविद्यालयांचे शुल्क बेताचे असते, खाजगी महाविद्यालयांचे त्याहून जास्त आणि आयआयएमचे कितीतरी पट. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. संस्थास्तरावर, व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही सवलत मिळत नाही. ही बाब अनेक पालकांना पैसे भरल्यानंतर कळते, म्हणून ठळकपणे सांगतो.

१३. या पदवीवर अन्नसुरक्षा अधिकारी होता येईल का? कारखान्यात ‘तांत्रिक व्यक्ती’ म्हणून सही करता येईल का?

सर्वाधिक गैरसमज याच प्रश्नाबाबत आहे. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत अन्नतंत्रज्ञान, दुग्धतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, कृषिविज्ञान, पशुवैद्यक, सूक्ष्मजीवशास्त्र अशा पदव्या आहेत. केवळ व्यवस्थापनाची पदवी त्यांत बसत नाही. त्याचप्रमाणे परवान्याच्या अटींनुसार उत्पादनावर देखरेख करणारी व्यक्ती रसायनशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण यांसारख्या विषयांची विज्ञान पदवीधर किंवा अन्नतंत्रज्ञानाची पदवी वा पदविकाधारक असावी लागते. ज्यांची मूळ पदवी कृषी किंवा अन्नतंत्रज्ञानाची आहे आणि त्यावर ज्यांनी व्यवस्थापन केले आहे, त्यांची पात्रता मूळ पदवीवर ठरते, त्यामुळे त्यांनी काही गमावलेले नसते. कृषी व्यवसाय व्यवस्थापनाची बीएस्सी असलेल्यांनी प्रत्येक जाहिरातीतील पदव्यांची यादी शब्दशः वाचावी आणि शंका असल्यास अर्जापूर्वी लेखी विचारणा करावी.

१४. मग नोकऱ्या मिळतात त्या कोणत्या?

कच्च्या मालाची खरेदी, दुकानसाखळ्यांमध्ये एखाद्या मालगटाची जबाबदारी, विक्री व वितरण, निर्यातीची कागदपत्रे व नियोजन, बँकांची कृषिकर्जे, गोदाम व शीतगृह व्यवस्थापन आणि शेतकरी उत्पादक कंपनीचे मुख्य कार्यकारी पद. यांतले शेवटचे काम सर्वांत कठीण असते, पगार सुरुवातीला कमी असतो आणि संचालक मंडळाशी रोज बोलावे लागते. तरीही दोन वर्षे ते काम केलेल्या माणसाला पुढे कोणतेही काम अवघड वाटलेले मी पाहिलेले नाही.

१५. घरचा मसाल्याचा व्यवसाय आहे. मला नोकरी करायचीच नाही. तरी पदवी घ्यावी का?

व्यवसाय एका शहरापुरता ठेवायचा असेल तर पूर्ण पदवीची गरज नाही. परवाना, लेबल आणि खर्चाचा हिशेब शिकवणारे लहान प्रशिक्षण पुरते. दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात माल पाठवायचा असेल, घरच्यांव्यतिरिक्त माणसे नेमायची असतील, तर पदवीची वर्षे वाया जात नाहीत. भांडवलासाठी, २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या प्रधानमंत्री योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवलेले आहे. योजनेची चालू स्थिती आपल्या जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात विचारून मगच कर्जाचा अर्ज करावा. अनुदान मिळणार म्हणून जरुरीपेक्षा मोठी यंत्रे घेणे ही चूक मी वारंवार पाहिली आहे.

१६. हाच विषय परदेशात शिकावा का?

नेदरलँड्समधील वाखेनिंगेन, इंग्लंडमधील रेडिंग, आयर्लंडमधील कॉर्क आणि अमेरिकेतील कॉर्नेल ही विद्यापीठे या क्षेत्रात जुनी आहेत. तेथील अभ्यास सुपरमार्केटच्या जगावर उभा आहे, जिथे मोजक्या साखळ्या देशाची बहुतांश किराणा विक्री करतात आणि स्वतःच्या नावाचा माल पुरवठादारांकडून करवून घेतात. आपल्याकडे कोपऱ्यावरचे वाणसामानाचे दुकान अजून टिकून आहे, त्यामुळे ते धडे जसेच्या तसे येथे लागू पडत नाहीत. परतून निर्यातीत काम करायचे असेल तर मात्र खरेदीदाराची बाजू आतून पाहिल्याचा मोठा उपयोग होतो. विवाहित विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे की, ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी कुटुंबीयांना सोबत नेता येत नाही. संशोधनाच्या पदव्यांना ती मुभा आहे. व्हिसाचे नियम बदलत असल्याने शुल्क भरण्यापूर्वी त्या देशाच्या शासकीय संकेतस्थळावर ते पुन्हा पाहावेत, एजंटाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये.